काचेवरची भेंडी

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे आणि या घरात माझ्याइतकं शहाणं कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. तिथं पांढरे हातमोजे घातल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. आणि नशिबानं आणून टाकलं कुठं, तर तेरखेड्यात! फटाक्यांच्या कागदी नळ्या वळणाऱ्या घरात, जिथं माणसांच्या बोटांना बारमाही खळ चिकटलेली.

पहिली दोन वर्षं मी सिनेमे दाखवले. शेजारीपाजारी म्हणायचे, "काय लख्ख दिसतंय हो!" मग घरात मोठा फोन आला आणि माझी रवानगी पिठाच्या डब्यावर झाली. तिथं माझ्या अंगावर ज्वारीचं पीठ इतकं साचलं, की मुंग्यांनी एकदा माझ्यावर आठवडी बाजार भरवला. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

या घरची सून पौर्णिमा नळ्या वळते, शिवाय फटाक्यांच्या पुड्यांवरची लेबलं तयार करते. तिचा कॉम्प्युटर म्हणजे एक घुमणारं, ढब्बं खोकं. वीज कडाडली आणि ते जळालं. मला काडीचं दुःख झालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी फटाक्यांचे कारखानदार शिवप्पा दारात उभे.

"पोपट-छाप लेबल उद्या बाराच्या आत पायजे, पोरी. न्हाय जमलं तर सोलापूरच्या माणसाला देतो. मग पुढचं समदं काम तिकडंच."

"देते की मालक," पौर्णिमा म्हणाली. कशावर देणार होती, तिचं तिला ठाऊक!

लेबलाचा प्रोग्राम फक्त मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो. तिनं पुण्यातल्या दिराला, सुगतला, फोन लावला. तो म्हणाला, "वैनी, त्या टॅबलेटवर मोठ्या कॉम्प्युटरची अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बसते. मी सांगतो तसं करत जावा."

बसते म्हणे! शेळीच्या मानेवर बैलाचं जूसुद्धा बसतं. नांगर कोण ओढणार, हा सुगत?

संध्याकाळपर्यंत माझी सुपारीएवढी सुबक चित्रं पुसली गेली. त्यांच्या जागी जवसाएवढी चिन्हं आली आणि कोपऱ्यात तिळाएवढी फुली. माउस जोडावा तर मला भोक एकच, त्यात चार्जर. चार्जर काढला की मी घटकाभरात डोळे मिटणार. बिनतारी माउस शेजारी कुणाकडं नव्हता. वर मी तापलो तो असा, की माझ्यावर भाकरी टाकली असती तर पापुद्रा सुटला असता.

सकाळी पौर्णिमा कामाला बसली. खळीनं वाळलेली तिची बोटं मला कळतच नव्हती. कळली, तेव्हा फुलीवर पडली. 'काम जतन करायचं का?' असं विचारलं, तर बोट 'नको'वर. पोपट गेला. तिनं पुन्हा काढला, पुन्हा गेला. साडेदहा वाजले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, होऊ दे फजिती. बैलाचं काम सांगतात मला!

शेजारी सासू पुतळाबाई भेंड्या चिरत होती.

"आगं, हितं दाब की! मला म्हातारीला दिसतंय, तुला दिसंना व्हय?" असं म्हणून तिनं हातातल्या भेंडीचं टोक माझ्या काचेवर टेकवलं.

आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, मी ऐकलं. ओलसर, निमुळतं, नेमकं जवसाएवढ्या चिन्हावर टेकणारं टोक! पौर्णिमानं डोळे पुसले आणि भेंडी हातात घेतली.

"आत्या, दुसरी द्या. हिचं टोक मोडलं."

"कवळी घे. जून भेंडी भाजीलाच चालंना, ह्याला काय चालंल!"

पोपटाला चोच आली, पंख आले. शेपूट राहिलं होतं. पावणेबाराला माझं अंग इतकं भाजू लागलं, की मी ठरवलं, आता डोळे मिटायचे. बसू दे यांना बोंबलत.

तेवढ्यात पुतळाबाईनं माठावरचं ओलं फडकं घट्ट पिळून माझ्या पाठीखाली सारलं आणि सुपानं वारा घालायला लागली.

"तापलंय बिचारं. सवय न्हाय त्याला."

बिचारं? मला? पांढऱ्या हातमोज्यांच्या घराण्यातल्या मला? त्या रागात मी डोळे मिटायचंच विसरलो! बाराला पाच कमी असताना लेबल शिवप्पांकडं पोचलं.

त्यांचा लगेच फोन आला. "पोपट झ्याक हाय, पोरी. दिवाळीची बाकीची लेबलं बी तूच कर."

माझ्यावर हुकूम गाजवणाऱ्या सातही भेंड्यांची संध्याकाळी भाजी झाली. तेवढंच समाधान. पण छापून आलेलं पहिलं लेबल पौर्णिमानं माझ्या पाठीवर चिकटवलं, तेही खळीनं! आता मी पिठाच्या डब्यावर नसतो, खिडकीत असतो. खाली ओलं फडकं, शेजारी ताटलीत रोजच्या दोन भेंड्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, वस्तूला तिच्या कुवतीबाहेर राबवू नका. राबवायचंच असेल, तर पाठीखाली फडकं द्या. आणि भेंडी निदान कोवळी घ्या.