आतलं आत, बाहेरचं बाहेर

ऋत्विक मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन. रिकाम्या वेळात त्याने कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारा एक छोटा टेक्स्ट एडिटर लिहिला होता. वापरणारे जेमतेम दोनशे, पण कटकट दोन हजारांची. मागणं एकच: माउस पहिल्यापासून चालू ठेवा आणि कॉपी-पेस्ट बाहेरच्या क्लिपबोर्डशी जोडा. पठ्ठ्या बधला नाही. "आतलं आत, बाहेरचं बाहेर," म्हणायचा. एडिटरात कॉपी केलेलं एडिटरातच राहायचं, बाहेरचं काही आत यायचं नाही.

चौदा महिन्यांपूर्वी तो भर समुद्रात बोटीवरून नाहीसा झाला. कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' एवढंच होतं. तेव्हापासून त्याची धाकटी बहीण दीपाली भाट्ये गावातल्या घरी बसून एडिटर सांभाळत होती, पण त्याचं एकही सेटिंग तिने बदललं नव्हतं. माणूस बोटीवर असला की त्याची वस्तू हलवायची नाही, ही घरची रीत. त्यांची आई येसूबाई त्याचं ताट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उपडं ठेवायची. ते सुलटं करायचं त्यानेच, घरी आल्यावर.

सेटिंग बदलायचं म्हणजे तो येणार नाही हे कबूल करायचं. आज भरदुपारी दीपालीने ते केलं. वाट बघून बघून ती पार थकली होती. माउस चालू, क्लिपबोर्ड बाहेरचा, असं करून तिने नवी फाइल उघडली, 'सुरमई' हा शब्द टाइप करून माउसने कॉपी केला आणि पेस्ट केला.

उमटलं: 'दीपे, माझं ताट कुठाय?'

तिला दीपे म्हणणारा जगात एकच होता.

"आये, दादाचं ताट कुठाय?" तिने ओरडून विचारलं.

येसूबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सकाळीच उचललं गो. घासून फळीवर ठेवलं. किती दिवस बघत बसायचं?"

दीपाली धावत गेली. फळीवरचं ताट काढून तिने कोपऱ्यात पुन्हा उपडं घातलं, आणि परत येऊन सेटिंग जुन्यासारखं करायला घेतलं. पण बोटं थबकली. बाहेरचं आत येणं बंद केलं, तर तो येणार कुठून? भीती वाटत होती, तरी तिने नवं सेटिंग तसंच ठेवलं.

तेवढ्यात येसूबाईची हाक आली, अगदी बारीक आवाजात.

"बाय, तू आत्ता उपडं घातलंस ना? मग हे सुलटं कोणी केलंन?"