गालावरची फुली

विम्याचा माणूस फोनवर गोड बोलला, पण बोलला ते विषच. "दातांचा खर्च पॉलिसीत बसत नाही, साहेब. अपघातात मार लागून दवाखान्यात दाखल झालात, तरच."

वेल्डरची उजवी दाढ आठ दिवस ठणकत होती. मस्तकात सणक गेली की हातातलं काम सुटायचं. म्हणे आरोग्य विमा! दात काय शेजाऱ्याचे असतात? त्यानं वर्कशॉपचं दार लावलं, खडू घेतला आणि ठोकायच्या पत्र्यावर करतात तशी स्वतःच्या उजव्या गालावर फुली मारली.

"हाण इथं," तो धाकट्या भावाला म्हणाला. "एकच. शिडीवरून पडलो म्हणून सांगू."

"दादा, डोकं फिरलंय का तुझं?"

भावाचे हात घणाचे, पण काळीज लोण्याचं. झुरळ झटकावं तसं त्यानं मारलं. दात तर हलला नाहीच, दाढ मात्र पेटली. वेल्डर कळवळला आणि त्याच्या तोंडून नको ते गेलं.

"आई गेली तेव्हा दार लावून झोपला होतास ना? चार हाका मारल्या तिनं. तूच मारलंस तिला!"

मग भाऊ भाऊ राहिला नाही. पहिला बुक्का डाव्या जबड्यावर बसला, हाड कडकन वाजलं. दुसऱ्यानं ओठ फाटला. वेल्डर कोसळला, तरी भाऊ त्याच्या छातीवर बसून हाणत होता, रडत होता, परत हाणत होता. डावीकडचे दोन दात लोखंडाच्या किसात पडले. भावाचं स्वतःचं बोट मोडलं तेव्हा कुठे तो थांबला.

दवाखान्यात नर्सनं रक्त पुसलं. उजव्या गालावरची फुली जशीच्या तशी होती. जबडा विम्यात बसला, पडलेले दातही बसले. दाढ नाही. "ती आधीच किडलेली. सहा आठवड्यांनी बघू, तुमच्या खर्चानं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वरचे-खालचे दात तारेनं आवळून टाकले. आत दाढ ठणकतच राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी भाऊ आला. हाताला प्लास्टर, डोळे सुजलेले. खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"दादा, ते आईचं... मला चिडवायलाच म्हणालास ना?"

वेल्डरनं तोंडातल्या तारेकडे बोट दाखवलं. मान हलवता आली असती. ती त्यानं हलवली नाही.