ठोंब्याची जागा

लिफ्टवाल्यांच्या घरातला ठोंब्या इतका संथ होता की, त्याला "आज ऊन आहे का?" असं विचारलं तर उत्तर येईस्तोवर ढग यायचे, बरसायचे आणि दुसऱ्या गावी जाऊन बिऱ्हाड थाटायचे. अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू द्या, थोडी आहेच.

ठोंब्या म्हणजे पत्त्याच्या पानाएवढ्या एकाच बोर्डावर सगळा संसार मांडलेला कॉम्प्युटर. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करता करता लिफ्टवाले रिटायर झाले. हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी हा बोर्ड साबणाच्या डबीत बसवला, त्याला माइक आणि स्पीकर जोडला आणि बायकोसाठी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. नाव तिनंच पाडलं.

तिच्या डोक्यातून शब्द गळायला लागले होते. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग भांड्यांची. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "गेलेलं परत यायचं नाही. पण त्यांना बोलत्या ठेवा. बोलणं एकदा थांबलं की मग माझ्या हातात काही नाही." आता लिफ्टवाले पडले मुखदुर्बळ. 'हं' आणि 'बरं' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी अख्खा संसार रेटलेला. म्हणून बोलण्याचं खातं ठोंब्याकडे दिलं.

"ए ठोंब्या, आज ऊन आहे का?" ती विचारायची.

डबीतला हिरवा दिवा लुकलुकायचा. आवाज नाही.

"झोपला मेला! अगदी आमच्या थोरल्या मावशीवर गेलाय. तिला हाक मारा, ती आधी चष्मा शोधणार, मग चप्पल शोधणार. अहो, ऐकलंत का? मावशीची ती एक चप्पल... ती नाही का, ते... भुंकणारं... ते घेऊन पळालं—"

"आज ऊन आहे," ठोंब्या मध्येच बोलायचा.

"कळलं, शहाण्या! अंगावर पडतंय माझ्या. हां, तर काय सांगत होते मी?"

दाराआड उभे लिफ्टवाले शरमेनं अर्धे व्हायचे. त्यांच्या धंद्यात पाप एकच, माणसाला ताटकळत ठेवणं. बटण दाबून कुणी जरा उभा राहिला की मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. ही बिचारी चिडते, तिचे उरलेसुरले शब्द या डबीला शिव्या देण्यात खर्ची पडतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि एकदा त्यांच्या मनानं घेतलं की देवालाही ते काढून घेता येत नसे.

मेहुण्याच्या ऑफिसातून एक सर्व्हर भंगारात निघाला होता. तो त्यांनी घरी आणवला. धूड असं की वर नेताना जिन्यालाच दम लागला. सुरू केला, तर त्याच्या पंख्यांच्या वाऱ्यानं समोरच्या बाल्कनीतले कपडे वाळले, आणि शेजारीण दार वाजवून विचारून गेली, "विमान घेतलंत का?"

"भावजी, हा विचारायच्या आधी उत्तर देतो," मेहुणा घाम पुसत म्हणाला.

"तुझ्या ताईला ताटकळायला नको रे."

"हे बरंय! लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून एक अख्खं वाक्य निघायची वाट बघतेय ती. त्याचं काय?"

"हं," लिफ्टवाले म्हणाले.

ठोंब्याच्या मेमरी कार्डावरचं सगळं त्यांनी सर्व्हरवर चढवलं, माइक-स्पीकर फळीवरच ठेवून तिकडे जोडले आणि डबी खणात टाकली.

"ए ठोंब्या, आज ऊन आहे का?"

"हो, आज ऊन आहे." तिच्या प्रश्नाच्या शेपटीला चिकटूनच उत्तर आलं.

शिवी द्यायला उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं. मग तिनं ते मिटलं. "बरं," ती म्हणाली.

हा शब्द आजवर नवऱ्याचा होता. पण लिफ्टवाल्यांना त्यात समाधानच ऐकू आलं. घर कसं शांत झालं! पंखे सोडून. ती विचारायची, तो सांगायचा, मिटलं. पुढे ती दिवसाकाठी एखादंच काही विचारू लागली. मग तेही थांबलं. त्याला सगळंच ठाऊक, आपण काय बोलायचं, अशा चेहऱ्यानं ती फळीकडे बघत बसायची.

मेहुणा पुन्हा आला तेव्हा ताईनं त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि सोडून दिलं. तो बराच वेळ तिच्यापाशी बसला. मग बाहेर येऊन म्हणाला, "भावजी, ताई त्या डबीशी कधी बोलतच नव्हती हो."

"म्हणजे?"

"त्याला नुसतं विचारायची. त्याचं उत्तर येईपर्यंत तुमच्याशी बोलायची. 'अहो, ऐकलंत का' म्हणजे कोण? डबी?"

लिफ्टवाले तडक आत गेले.

त्यांनी सर्व्हरची वायर उपटली. खणातून डबी काढली, पुसली, माइक-स्पीकर जोडले, फळीवर ठेवली आणि दाराआड न जाता खुर्ची ओढून बायकोच्या समोर बसले.

"विचार ना काहीतरी," ते म्हणाले. ती बघत राहिली. म्हणून त्यांनीच विचारलं, "ठोंब्या, आज वार कोणता?"

दिवा लुकलुकू लागला. ठोंब्या होता तसाच होता, तसूभरही सुधारला नव्हता. लिफ्टवाले पुढे वाकले. एवढ्या अवकाशात तिनं पूर्वी एक मावशी, एक लग्न आणि दोन भांडणं सहज बसवली असती. तिचे ओठ जरासे विलग झाले. आपणही काही बोलावं म्हणून त्यांनी घसा खाकरला, पण आत काही सापडलं नाही. तिचे ओठ मिटले.

"आज मंगळवार आहे," ठोंब्या म्हणाला.

"मग उद्या?" लिफ्टवाल्यांनी घाईघाईनं विचारलं, दिवा पुन्हा लुकलुकू लागला, आणि दोघं समोरासमोर बसून राहिले.