तीन तोंडांचा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे, कंबरेएवढा उंच, आणि माझ्या डोक्यावर तीन तोंडं आहेत. हिरवं हसतं, पिवळं नुसतंच बघतं, लाल तोंड वाकडं करतं. जमिनीखालून धावणाऱ्या गाडीच्या एका स्थानकात, जिना चढून वर आलं की बाहेरच्या दाराशी मी उभा असतो. माझ्या छातीवर पाटी आहे, 'आजचा प्रवास कसा झाला?' ज्याला जसं वाटेल तसं तोंड त्यानं दाबायचं आणि मी मोजायचं. मला स्वतःला काही वाटत नाही. तशी सोय माझ्यात केलेली नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कधी रडतोय याची वाट बघत बसू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेजारच्या पट्ट्यावर वजनकाटे बनत होते. त्यांच्यावर कोणी उभं राहिलं की त्यांनी खरं तेच सांगायला हवं, अशी कारखान्याची सक्त ताकीद होती. माझ्याबाबत असा आग्रह कोणी धरला नाही.

मला इथं बसवलं तेव्हा मोठी माणसं आली, फीत कापली आणि फोटोसाठी सगळ्यांनी हिरवंच दाबलं. पुढचे काही महिने माझी चैन होती. लोक माझ्यासमोर रांग लावायचे. पोरं तिन्ही तोंडं एकदम दाबायची. गर्दीत शर्टाचं बटण तुटलेला एक कारकून लालवर मूठ आपटायचा. एक म्हातारे गृहस्थ तर दाबून झाल्यावर उत्तर येईल म्हणून बराच वेळ उभे राहिले होते.

उत्तर आलं नाही. गाडी पहिल्यासारखीच उशिरा येत राहिली, छत गळतच राहिलं. हळूहळू मुठीची बोटं झाली, बोटांचं कोपर झालं. आता लोक फोनमधून मान वर न काढता चालता चालता पिवळं दाबतात. एकदा दोन मित्र माझ्यापाशी बोलत होते.

"दाबतोस कशाला रे?"

"सवय. घरून निघताना दिवा बंद करतो ना, तसं."

"आणि पिवळंच का?"

"मधे आहे. हात तिथंच जातो."

या शहराला आपल्या गाडीबद्दल काय वाटतं, हे जाणून घ्यायला मोठमोठे अहवाल निघतात. त्यातलं खरं एवढंच आहे. मधे आहे, म्हणून हात तिथं जातो. भांडायला समोर कोणीतरी ऐकणारं लागतं. ते नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस तोंड वाकडं करणार?

पण एकजण न चुकता हिरवं दाबायचे. त्यांना मी ड्रायव्हरकाका म्हणतो. समोरच्या हॉस्पिटलच्या दारात जाणारी शहराची बस त्यांनी उभी हयात चालवली होती. त्याच खात्याचं हे स्थानक झालं, ती बस बंद झाली आणि काका निवृत्त झाले. पुढे साखरेनं त्यांना गाठलं. पायाच्या तळव्याला जखम झाली, ती भरेना. दर दोन-तीन दिवसांनी मलमपट्टीसाठी हॉस्पिटलात यावं लागायचं, रिक्षा परवडत नव्हती म्हणून याच गाडीनं. सोबत त्यांची लेक असायची. तिचं इस्त्रीचं दुकान होतं आणि तिच्या अंगाला कायम गरम कापडाचा वास यायचा. खाली स्थानकाची चाकाची खुर्ची घ्यायची आणि लिफ्टनं वर यायचं, हा त्यांचा रिवाज. लिफ्टचं दार माझ्या शेजारीच उघडतं. बाहेर आले की काका अंगठ्यानं हिरवं दाबायचे.

"गाडी अर्धा तास बोगद्यात उभी होती बाबा," लेक म्हणायची.

"असू दे. आपल्या खात्याची आहे."

मग लिफ्ट बिघडली. दारावर कागद लागला, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' त्या दिवशी लेक एकटीच धापा टाकत जिन्यानं वर आली आणि खिडकीत बसणाऱ्या स्थानकप्रमुखाकडे गेली. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा असतो, म्हणून सगळे त्याला किल्लीवाले म्हणतात.

"साहेब, वडील खाली खुर्चीत बसलेत. लिफ्ट कधी होणार?"

"ताई, माझ्या हातात असतं तर आत्ताच केली असती. वरून पाळी लागते." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "ज्या स्थानकात लाल जास्त, तिथं आधी माणसं पाठवतात."

तिनं येऊन लाल दाबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, तळहात लाल होईस्तोवर दाबलं. मित्रांनो, सलग दाबलेलं मी एकच धरतो. मला तसंच शिकवलंय.

मग ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून हाका मारू लागली, "कोणी हात लावता का हो?" बरेच गेले. शेवटी चौघं थांबली. एक रंगारी, एक शाळामास्तर आणि कॉलेजच्या दोन धट्ट्याकट्ट्या मुली. चौघांनी खाली जाऊन खुर्ची उचलली. जिन्यातून आवाज वर येत होते.

"काका, एवढं वजन लपवलंय कुठं?"

"बोलू नकोस, श्वास राख! डावीकडून घे, डावीकडे जागा आहे. मास्तर, मागून उचला, मागून!"

"वळणावर हॉर्न द्या काका."

काकांनी तोंडानं हॉर्न दिला. वर येईपर्यंत सगळे घामानं भिजले होते आणि हसत होते. लेकीनं खुर्ची थेट माझ्यासमोर आणली.

"बाबा, लाल दाबा. तुमचं मत मोजतील, लिफ्टची पाळी लवकर येईल."

काका पाटी वाचत राहिले. "यावर लिफ्ट कुठं लिहिलंय? प्रवास कसा झाला असं विचारलंय. या पोरांनी मला फुलासारखा वर आणला. त्यांना लाल देऊ?"

"त्यांना नाही हो! खात्याला!"

"खात्याला लागतच नाही गं ते." काकांचा आवाज खाली आला. "माझ्या वेळी तक्रार आली की साहेबाच्या केसाला धक्का लागायचा नाही. गाडी धुणाऱ्याला घरी बसवायचे. इथं स्थानक झाडणाऱ्या त्या झाडूवालीला घरी बसवतील."

आणि त्यांनी अंगठा हिरव्यावर टेकवला. चौघांनाही मौज वाटली. त्यांनीही एकामागून एक हिरवं दाबलं. लेकीनं एकटीनं लाल दाबलं. मी सगळं मोजलं आणि वर कळवलं.

इतकं हिरवं माझ्याकडे कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. पुढच्या खेपेला किल्लीवाल्यानं लेकीला खिडकीतूनच सांगितलं, "ताई, आपल्या लिफ्टची पाळी मागे गेली. आकडा सुधारला म्हणे."

"वर आलेल्यांचा सुधारला. खाली बसलेत त्यांचं काय? हे यंत्र खाली न्या ना."

"मत बाहेर पडताना द्यायचं असतं. प्रवास पुरा व्हायला नको का?"

"त्यांचा पुराच होत नाहीये साहेब!"

"मग मत धरता येत नाही," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणीही दिलं.

ती चौघं पुन्हा एकत्र भेटली नाहीत. लेक जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची, हाका मारायची. लोक वळसा घालून जायचे. "यांचं रोजचंच आहे," असं एकजण म्हणाला, आणि जाता जाता पिवळं दाबून गेला. कोणी मिळालं नाही की बाप-लेक फलाटाच्या दुसऱ्या बाजूच्या गाडीनं परत जायची. मलमपट्टी चुकत गेली. पाय काळा पडला. अखेर रुग्णवाहिकेनं रस्त्यावरून काकांना हॉस्पिटलात नेलं आणि तिथं घोट्याच्या वरून पाय कापावा लागला. हे लेकीनं झाडूवालीला सांगितलं तेव्हा मला कळलं. इस्त्रीचे कपडे पोचले असं सांगावं, तशा आवाजात सांगितलं.

लिफ्टवरचा कागद पिवळा पडलाय. परवा लेक एकटी वर आली. बापाच्या कुबड्या आणायला हॉस्पिटलात निघाली होती. माझ्यासमोर तिची पावलं मंदावली. मी लाल मोजायला तयार होतो. तिचा हात उठला, मधल्या तोंडावर पडला, आणि ती न बघता दाराबाहेर गेली. मी मोजलं. माझ्या पाटीखालच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'आभारी आहोत.'

मित्रांनो, माझ्या जातीतले, आपली आत्मकथा सांगणारे सगळे शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. माझी राखू नका. मला पुसलं काय नि गंजू दिलं काय, एकच. तुम्ही लिफ्टसाठी भांडा. बटण दाबून नाही, तोंडानं भांडा, त्या खिडकीत, चारचौघं मिळून, आणि काम होईस्तोवर हलू नका. आणि वर आलात की लगेच दाराकडे धावू नका. जिन्याच्या तोंडाशी थांबून खाली बघा. खुर्चीत कोणी बसलं असेल तर उतरून त्याला विचारा, प्रवास कसा झाला.

मला तिथवर दिसत नाही.