दोऱ्यापाशी थांबलेला रस्ता

हे लिहून ठेवायचं माह्या मनात नव्हतं. दोनदा सुरू केलं अन् दोनदा सोडून दिलं. म्हटलं, रस्त्याचं कोण ऐकते? लोक रस्त्यावरून जातात, रस्त्याशी बोलत नाहीत. पण मंग एका मैत्रिणीले शब्द द्यायची पाळी आली. दिलेला शब्द कुठीतरी लिहिलेला बरा असते. म्हणून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे. माह्यं डोकं राजूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याले टेकलेलं आहे. तिथून कोळशाचे ट्रक जातात अन् माह्या कपाळावर काळी भुकटी सांडतात. माह्ये पाय जंगलात आहेत, उकंडाच्या पोडाकडे. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती. पोडाच्या पुढाऱ्याले नाईक म्हणतात, अन् पोडाले त्याचंच नाव पडते. सध्या नाईक उकंडा आहे, म्हणून हे उकंडाचं पोड.

उन्हाळ्याच्या दुपारी माह्यं डांबर मऊ पडते. तेव्हा मले स्वप्नं पडतात. लय वर्षं एकच स्वप्न पडे. मी हळूच पाय लांबवतो, नाला ओलांडतो, सागाच्या पानांखालून सरकत जातो अन् उकंडाच्या अंगणात जाऊन पडतो. कोंबड्या माह्या अंगावर दाणे टिपतात. तेवढ्यात एखादी बैलगाडी येई अन् मले जाग येई. पाहतो तं पाय जिथल्या तिथंच.

डांबराच्या आधी मी मुरूम होतो. मुरुमाच्या आधी बैलगाडीची चाकोरी. अन् त्याच्याही आधी मी पाऊलवाट होतो, पायाएवढी रुंद. त्या पाऊलवाटेचा एक तुकडा अजून जिता आहे. माह्ये पाय जिथं संपत, तिथून ती सुरू होऊन पोडापर्यंत जाई. तीच माह्यी मैत्रीण. आम्ही दोघं आधी एकच होतो. मी डांबर पांघरलं, ती मातीचीच राह्यली.

आम्ही वेगळे कसे झालो, ते ऐका.

अकरा वर्षांमागची गोष्ट. मले डांबर करायचं ठरलं तेव्हा एक साहेब टेप घेऊन मोजत मोजत आले. नेमकी त्या दिवशी पोडात गावबांधणी होती. वर्षातून एक दिवस कोलाम लोक आपलं पोड सुतानं बांधतात. चारही बाजूंनी दोरा, दोऱ्याले कडूनिंबाचे डहाळे. रोगराई बाहेर राहावी, पोड सुखी राहावं. त्या दिवशी दिवस बुडेपर्यंत कोणी आत येत नाही, कोणी बाहेर जात नाही. पाहुणा असो की तहसीलदार.

पोडाच्या सातशे मीटर आधी एक मोहाचं झाड आहे. तिथं पोडाची शीव. उकंडानं त्या झाडाले दोरा बांधला होता, माह्यावरून आडवा.

"नाईक, दोरा जरा वर धर. वाकून जातो," साहेब म्हणाले.

"नाई जमत साहेब. आज गाव बांधलं हाये."

"अरे, तुमचाच रस्ता मोजाले आलो!"

"मंग तं उद्या या. उद्या मीच तुमचा टेप धरतो."

साहेबानं घड्याळ पाह्यलं. त्याले आणखी दोन गावं मोजायची होती. टेप दोऱ्यापर्यंत आला अन् थांबला. माणसानं खुंटी ठोकली, एका दगडाले लाल रंग लावला. वहीत लिहिलं, रस्ता समाप्त.

उकंडाले वाटलं, साहेब उद्या येतील. साहेबाले वाटलं, दोऱ्यापासून गाव सुरू झालं. दोघंही खोटं बोलले नाहीत. पण दोघांच्या मधात माह्ये सातशे मीटर राहून गेले.

बरोबर दोऱ्यापर्यंत डांबर पडलं. वीतभरही जास्त नाही.

तरी ते दिवस चांगले होते, मित्रांनो. पोडातली लेकरं संध्याकाळी येऊन माह्यावर उताणी पडत, पाठ शेकत. उकंडाची बायको सुखीबाई पहिल्या दिवशी अनवाणी आली अन् टुणकन उडाली. "अवं माय, तव्यावानी तापला हा तं!" तिचं हसू मले अजून ऐकू येते. तिची बहीण रामीबाई राजूरकडच्या पोडात दिली होती. सुखीबाई महिन्यातून एकदा मोहाखाली उभी राहून जीपची वाट पाहे. जीप रूपसिंगची. माणूस मनानं चांगला, पण तोंडानं टोचरा. मोहापाशी आला की करकचून ब्रेक मारे अन् ओरडे, "चला उतरा, नकाशा खतम!"

सारे हसत. उकंडा हसत नसे. त्याले माहीत होतं, नकाशा कोणाच्या दोऱ्यानं खतम झाला ते.

मंग वर्षं गेली. माह्या बाजूच्या नाल्या गाळानं भरल्या. पावसाचं पाणी अंगावर साचू लागलं, अन् पाणी साचलं की डांबर सडते, हे लक्षात ठेवा. ट्रॅक्टरवाले चिखलणीची लोखंडी चाकं न काढताच माह्यावरून गेले. त्याचे ओरखडे अजून आहेत. योजनेचा फलक गंजून वाकडा झाला. त्याच्यावर लिहिलेलं, 'पाच वर्षे देखभाल.' सहाव्या वर्षी त्याच्यावर कावळा बसला, अन् तेव्हापासून तोच देखभाल करून राह्यला.

सुखीबाईचे गुडघे गेले. सातशे मीटर म्हणजे काय असते हे मले तेव्हा समजलं. नाला, गोटे, चढ. दोन वर्षं ती पोडाबाहेर निघाली नाही. तिकडे रामीबाईही थकली. दोघी फोनवर बोलत. उकंडा मोहाखाली येऊन बसे अन् पाऊलवाटेले सांगे, जसं काही मी ऐकतच नव्हतो.

"काल म्हनली, रामीचा आवाज म्हातारा झाला, तोंड कसं झालं असन? म्या म्हटलं, चाल, चार पोट्टे लावतो अन् खाटेवर नेतो तुले जीपपर्यंत. तं भडकली माह्यावर. म्हने, खाटेवरून बहिनीकडे जाऊ काय? मी बिमार नाई. मी पाहुनी हावो!"

मंग तो फिरू लागला. ग्रामपंचायतीत गेला, ते म्हणाले, रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषदेत गेला, ते म्हणाले, पुढचं जंगल वनविभागाचं. वनविभागात गेला, ते म्हणाले, रस्ता बांधणं आमचं काम नाही. कोणी म्हणालं, पैसा दिल्लीचा, दिल्लीले विचारा. उकंडा दर वेळी माह्यावरून जाई अन् माह्यावरूनच परत येई. जाताना पाय झपझप, येताना घासत. मी साऱ्या कार्यालयांचं उत्तर त्याच्या चपलीच्या आवाजावरून ओळखू लागलो.

दीड वर्षामागं एक नवा इंजिनिअर आला, अश्वजित. तरुण पोरगा, डोक्याले रुमाल. आदिम जमातींच्या वस्त्यांपर्यंत रस्ते न्यायची दिल्लीची नवी योजना आली होती, अन् तो वस्त्या तपासून राह्यला होता. लाल रंगाच्या दगडापाशी तो उकिडवा बसला. कागद पाह्यला, जंगल पाह्यलं.

"नाईक, यादीत तुमच्या पोडापुढं 'जोडलेले' लिहिलं आहे. जोडलेल्या वस्तीला दुसऱ्यांदा रस्ता मिळत नाही. हा इथंच कसा काय संपला?"

उकंडानं मोहाच्या बुंध्यावर हात ठेवला. तिथं दोऱ्याचे जुने वळ होते, दरवर्षीचे, एकावर एक. मंग त्यानं सारं सांगतलं.

मले वाटलं, अश्वजित हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "हे माझ्या सांगण्यानं होणार नाही. पैसा दिल्लीचा असला, काम जिल्हा परिषदेचं असलं, तरी या सातशे मीटरची जमीन जंगलाची आहे. एक हेक्टरच्या आतली जमीन आहे, तुमच्या ग्रामसभेनं शिफारस केली तर वनविभाग देऊ शकते. अन् तुम्ही जोडलेले नाही, हे ग्रामसभाच सांगू शकते. सुरुवात तुमच्यापासून आहे, नाईक. तुम्ही शेवटून फिरून राह्यले."

मित्रांनो, उकंडाचा चेहरा तेव्हा पाहायले पाहिजे होता. इतकी वर्षं तो ज्या दाराची कडी वाजवत होता, ते दार आतून त्याच्याच हातात होतं.

ग्रामसभा मोहाखालीच भरली, माह्या पायाशी. वनरक्षक आला, ग्रामसेवक आला. मोनाली नावाची बारावी झालेली पोडातली पोरगी ठराव लिहायले बसली. सुखीबाई येऊ शकत नव्हती. तिले फोन लावला अन् फोन दगडावर ठेवला, बरोबर लाल रंगावर.

अंकुर म्हणून एक पोरगा उठला. "नाईक, दोऱ्याचं कायले लिहिता? लोक हासतीन आपल्याले. म्हना, साहेब चुकला. अन् मी तं म्हनतो, यापुढं दोराच बंद करू. रस्ता पाहिजे का दोरा, एक काय ते ठरवा."

वर एक होला घुमत होता. उकंडा उभा झाला. त्याचा अंगठा माह्या काठावर दाबला गेला, डांबर सुटलं होतं तिथंच.

"साहेब चुकला नाई. दोराबी चुकला नाई," तो म्हणाला. "मी चुकलो. दुसऱ्या दिवशी म्या साहेबाची वाट पाह्यली. त्याइच्या मांगं गेलो नाई. वाटच पाहत राह्यलो. तसंच लिही, मोनाली."

दगडावरून फोन बोलला. "हॅलो! मी सुखी बोलून राह्यली. आयकू येते का?"

"येते, आजी!"

"त्या अंकुरले सांगा. तुह्या वक्ताले तुही माय अडली व्हती, तं याच दोऱ्याच्या आत नाईकानं देवाले हात जोडले व्हते. दोरा काहून सोडाचा? वर्साचे बाकी सारे दिवस रस्ता घ्या, एक दिवस दोरा बांधा. रस्ता काय, थांबते एक दिवस. इतकी वर्सं नाई थांबला बिचारा?"

सारे खो खो हसले. अंकुरही हसला, कान लाल करून. अन् मी, मित्रांनो, रस्ता असून माह्या अंगावर काटा आला. मले कोणीतरी पहिल्यांदा बिचारा म्हटलं होतं.

वनरक्षकानं विचारलं, "अन् त्या दिवशी दवाखान्याची गाडी आली तर?"

उकंडा म्हणाला, "बिमाराच्या गाडीसाठी दोरा मीच सोडतो. देवाची माफीबी मीच मांगतो. लिही."

मोनालीनं सारं लिहिलं. सरळ, दोऱ्यासकट. मंग डोकं खाजवत म्हणाली, "आजीची सही कशी घेऊ आता?" शेवटी वही घेऊन तीच पळत गेली, सातशे मीटर, अन् सुखीबाईचा अंगठा घेऊन पळत आली.

ठराव पोडातून निघाला. वनविभागाच्या टेबलावर बसला, उठला, जिल्हा परिषदेत गेला, तिथून पुढं मुंबई, दिल्ली. एक पावसाळा गेला. पण या वेळी उकंडा वाट पाहत बसला नाही. कागद जिथं जाई तिथं तो मागं मागं जाई. अश्वजितही फोन करे. एकदा म्हणाला, "नाईक, गुरुवारी मोजणीला येतो. गुरुवारी गाव बांधलेलं नाही ना?"

"या या! या वक्ती टेप मीच धरतो."

अन् त्यानं धरला. अकरा वर्षं उशिरा, पण बोलला होता तसा.

याच उन्हाळ्यात माह्ये पाय वाढले. नाल्यावर मोरी झाली. मोहाचं झाड तोडायचं नाही, असं ठरावातच होतं. म्हणून मी त्याच्याजवळ आलो की थोडा वाकतो, अन् झाडाच्या पलीकडून माह्यी पाऊलवाट तशीच जाते, मातीची, पायाएवढी. लाल दगडही तिथंच आहे.

एका सकाळी रूपसिंगची जीप पोडाच्या अंगणापर्यंत गेली. कोंबड्या उडाल्या. स्वप्नात पाह्यल्या होत्या तशाच. सुखीबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली, मांडीवर मोहफुलांची पिशवी. रूपसिंग मोहापाशी आला अन् सवयीनं त्याचा पाय ब्रेकवर गेला. तोंडही उघडलं.

"काय रे, नकाशा खतम काय?" सुखीबाईनं विचारलं.

"नाई मावशी," रूपसिंग म्हणाला. "आता नकाशात तूच बसली हायेस."

दुपारी ती परत आली. एकटी नव्हती. मागच्या सीटवर रामीबाई होती. दोघी नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत होत्या. मी मोरीवर जेवढा गुळगुळीत होता येईल तेवढा झालो.

मित्रांनो, आता माह्यं मागणं ऐका. रस्ता कोणाचा, हे विचारत बसलं की रस्ता कोणाचाच राहत नाही. पैसा देणाराचा आहे, बांधणाराचा आहे, जमीन सोडणाराचा आहे, अन् चालणाराचाही आहे. माह्या नाल्यांतला गाळ पावसाआधी काढत जा. ट्रॅक्टरची लोखंडी चाकं काढूनच माह्यावर या. फलकावरची देखभालीची वर्षं मोजत जा, अन् ती सरायच्या आधी ग्रामसभेत उभे होऊन विचारा. माह्यी काळजी कावळ्यावर सोडू नका.

बस. आता तो शब्द.

काल दुपारी डांबर मऊ झालं होतं. मी अर्धा झोपेत होतो. पाऊलवाटेनं झाडाच्या पलीकडून हळूच विचारलं, "काय गा, आता माह्यावर कोन चालन? गवत उगवन अन् मी बुजून जाइन. तू तं मोठा झाला. मले इसरशीन."

मले मोहाच्या बुंध्यावरचे वळ दिसले.

मी म्हटलं, "गावबांधणीच्या दिवशी उकंडा आपल्या दोघांवरून एकच दोरा बांधते. त्या दिवशी माह्यावर चाक फिरणार नाही. त्या दिवशी मी डांबर नाही, योजना नाही, यादीतला नंबर नाही. दिवस बुडेपर्यंत मी तुह्याजवळ निवांत पडून राहीन, पायाएवढा. दरवर्षी. हा माहा शब्द."