मिस्त्रींच्या हातची मळी

मिस्त्रींनी शेवटी सही केली आणि कारखाना वाचला. आता हे वाक्य वाचलेच नाही असे समजा. सही झालेली नाही, कारखाना वाचलेला नाही आणि तुम्ही हे पान आत्ताच उघडले आहे.

मी एक जुना मळीचा गोळा आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आपली ओळख नाही, आणि तुमच्याकडे बघून ती व्हावी असेही वाटत नाही. माझे वजन अकरा किलो, रंग काळा, एका बाजूला काचेसारखी चकाकी. तुमच्यापैकी किती जणांना निदान एका बाजूला चकाकी आहे, ते आपापले बघा.

माझा जन्म तांब्याच्या भट्टीत झाला. खनिजाचे दगड वाळूबरोबर वितळवले की दोन थर होतात. जड तांबे तळाशी बसते आणि हलकी मळी, म्हणजे दगडाचा वितळलेला मळ, वर तरंगते. वर कोण आणि खाली कोण हे इतके स्पष्ट असूनही माणसे तळाचे जपून ठेवतात आणि वरचे फेकून देतात. बरे, त्या तांब्याचे पुढे काय होते? त्याला ठोकतात, ताणतात, त्याची तार काढतात आणि भिंतीत पुरून टाकतात. याला म्हणे मौल्यवान!

मळी वरच्या वर ओढून काढायचे काम मिस्त्रींचे. लांब दांड्याचे लोखंडी खोरे घेऊन त्यांनी तीस वर्षे हेच केले. मळी ओढण्याआधी भट्टीतला रस तासभर शांत ठेवावा लागतो, म्हणजे त्यात अडकलेले तांब्याचे थेंब खाली उतरतात. घाई केली तर ते थेंब मळीबरोबर बाहेर येतात आणि मागच्या ढिगावर जाऊन पडतात. त्यामुळे भट्टीवाल्याची सगळी अब्रू त्याच्या मळीत असते. माणसाने आपली अब्रू कचऱ्यात ठेवावी आणि वर ती तपासायला कोणी आले की चिडावे, यावर मी काय बोलणार?

"माझ्या मळीत तांबं? हात फिरवून बघ. आरसा आहे, आरसा!" मिस्त्री सगळ्यांना सांगायचे. दुसऱ्या पाळीच्या मळीबद्दल मात्र त्यांचे मत वेगळे होते. "ते लोक भट्टी चालवत नाहीत, चहा उकळतात."

पूर्वीच्या कोण्या साहेबांनी मला ढिगावरून उचलून प्रयोगशाळेत आणले आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दारापाशी ठेवले. सुरुवातीला फार कौतुक झाले. "काय चमकतो हो!" मग एकेकाचा अंगठा माझ्यावर आपटू लागला आणि कौतुक संपले. तेव्हापासून माझे नाव "हा मेला दगड". मला दगड म्हणणे म्हणजे सदऱ्याला कापूस म्हणण्यासारखे आहे, पण ज्यांना चालताना स्वतःचे पाय कुठे आहेत हे कळत नाही त्यांना हा फरक काय समजावणार?

या प्रयोगशाळेत सहा वर्षांपासून मिस्त्रींची मुलगी काम करते. कारखान्यात आपण नाते दाखवत नाही, असा दोघांचाही समज आहे.

"मिस्त्री, आजचा नमुना?"

"टेबलावर ठेवलाय, मॅडम. आणि डबा घरीच विसरलीस, तोही ठेवलाय."

असे चालले होते. मग खाणीतले खनिज संपले. माणसे एखादी गोष्ट रोज उपसतात आणि ती संपली की एकमेकांकडे आश्चर्याने बघतात. कारखान्याच्या साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितले की आता एकच मार्ग उरला आहे. मागचा मळीचा ढीग पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवून त्याला फेस आणायचा, आणि त्या फेसाबरोबर तांब्याचे कण वर काढायचे. पण शंभर किलो मळीत किलोभर तरी तांबे असेल तरच हे परवडेल. नसेल तर फाटकाला कुलूप. म्हणजे तीस वर्षे ज्याच्याकडे बघून लोक थुंकत होते, त्या ढिगावर आता तीनशे घरांच्या चुली अवलंबून होत्या. मला हसू येत नाही, नाहीतर आलेच असते.

नमुना एकाने घ्यायचा, तपासायचा दुसऱ्याने, अहवालावर दोघांच्या सह्या, आणि अहवाल शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर, असा नियम ठरला. ढीग ओळखणारा माणूस एकच होता. मिस्त्री दोन दिवस ढिगावर फिरले आणि पोतेभर खडे घेऊन आले. मुलीने ते कुटले, आम्लात विरघळवले, मोजले. शंभर किलोत तांबे निघाले दोनशे ग्रॅम.

मुलगी उठून पोत्यात उरलेल्या खड्यांपाशी जाऊन बसली. सगळे खडे एकसारखे काळे, एकसारखे गुळगुळीत. एकालाही ओरखडा नव्हता.

"बाबा, हे ढिगावरून उचललेत की निवडून आणलेत?"

"म्हणजे काय? चांगले बघून आणले. पाहुण्यांपुढे कोणी फुटका कप ठेवतं का?"

"नमुना आहे हो हा! जसं असेल तसं आणायचं असतं."

"दोनशे ग्रॅम!" मिस्त्री खूश होते. "शंभर किलोत फक्त दोनशे. दाखव तुझ्या साहेबाला. म्हणावं, अशी मळी कोणी काढून दाखवा."

"दाखवते. मग ते कुलूप लावतील. तीनशे माणसं घरी बसतील, त्यात तुम्ही आणि मी."

मिस्त्रींनी डोके खाजवले. "पण मळी चांगली होती, एवढं तर म्हणतील ना?"

मित्रांनो, मी मूर्ख पुष्कळ पाहिले आहेत. मी दारात असतो, सगळे माझ्यासमोरूनच जातात. पण बुडत्या कारखान्याच्या भिंतीवर स्वतःचे प्रशस्तिपत्र ठोकायला निघालेला हा पहिलाच.

गुरुवारी सकाळी मुलीने ढिगावर दोऱ्या ताणल्या. दोऱ्यांना चाळीस गाठी होत्या. प्रत्येक गाठीखाली खणायचे आणि जे हाताला लागेल ते मुकाट्याने उचलायचे, निवडायचे नाही. चाळीस गोळे चिठ्ठ्या लावून प्रयोगशाळेत आले. ही माझी भावंडे. मी त्यांना ओळख दिली नाही. उघड्यावर राहून त्यांचे वळण पार बिघडले होते.

मिस्त्रींनी घण उचलला आणि पहिला गोळा फोडला. आत तांब्याचे लाल मणी होते.

"दुसरी पाळी," मिस्त्री म्हणाले.

दुसरा फोडला. पुन्हा मणी. "दुसरी पाळी. बघ, निष्काळजीपणा लांबूनही दिसतो."

तिसरा, चौथा, पाचवा. "हाही त्यांचाच."

"बाबा, तुमचा एकही नाही यात?"

"माझी मळी ढिगाच्या पलीकडच्या अंगाला असणार."

"पलीकडूनही आणलीय."

"मग अजून पलीकडे."

अठरा गोळे फुटले आणि अठराही दुसऱ्या पाळीचे निघाले. दुसऱ्या पाळीत माणसे होती बारा. मिस्त्रींचे खरे मानले तर त्या बारा जणांनी तीस वर्षे डोळ्याला डोळा न लावता नुसता निष्काळजीपणाच केला असणार.

एकोणिसाव्या गोळ्याची चिठ्ठी मुलीने वाचून दाखवली. "उत्तरेचा कोपरा, खालून तिसरा थर." मिस्त्रींचा घण खाली आला. गोळा दुभंगला, आणि आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त मणी त्यात चमकले. मिस्त्रींनी चिठ्ठी हातात घेऊन स्वतः वाचली.



"हा थर पडला ती दोन वर्षं दुसरी पाळी बंद होती," ते म्हणाले. "मी एकटाच होतो."

"भट्टी जुनी होती, बाबा."

"भट्टी जुनी नव्हती." त्यांनी घण भिंतीला टेकवला. "तुझी शाळा पाचला सुटायची. आईला कामावरून यायला सात वाजायचे. रस तासभर ठेवायचा असतो, मी पाऊण तासावरच खोरं घालायचो. तू फाटकापाशी एकटी उभी असायचीस ना."

"मला वाटायचं, तुमचं काम लवकर संपतं."

"कसलं संपतं? टाकून यायचो."

पंधरा मिनिटे. तांबे वाया घालवायला माणसांनी आजवर चांगली भारदस्त कारणे शोधली आहेत; आग, पूर, भूकंप. इथे कारण काय, तर शाळेच्या फाटकापाशी पिशवी सांभाळत उभी असलेली एक मुलगी. इतके किरकोळ कारण मी ऐकले नव्हते. ते ऐकून माझ्या चकाकीत काही फरक पडला नाही. त्या वेळी बाहेर ढग आले होते, एवढेच.

मुलगी पुढे आली. तिने घण उचलला आणि उरलेले एकवीस गोळे स्वतः फोडले. मिस्त्री ते कुटत राहिले. एकदाही "दुसरी पाळी" म्हणाले नाहीत. सगळे एकत्र मिसळून, चार वाटे करून, त्यातले दोन टाकून, पुन्हा चार वाटे करून शेवटी चिमूटभर पूड उरली, आणि ती आम्लात गेली. तांब्याचा निळा रंग असा उतरला की मुलीने वाफेच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले. शंभर किलोत एक किलो नऊशे ग्रॅम.

शुक्रवारी सकाळी अहवाल मिस्त्रींपुढे आला. सही केली की स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखे होते की तीस वर्षांच्या मळीचा आरसा फुटका होता. नाही केली की कुलूप. त्यांनी चष्मा पुसला, पेन झटकले, पुन्हा चष्मा पुसला.

"राहू द्या बाबा. मी साहेबांशी बोलून बघते."

"काय बोलशील? नियम आहे, मॅडम."

त्यांनी सही केली. खाली शेऱ्याच्या चौकटीत सावकाश एक ओळही लिहिली. "दुसऱ्या पाळीचा दोष नाही." मुलीने ती वाचली, खोडली नाही, आणि कागद साहेबांकडे नेऊन दिला.

दळायच्या यादीत आता ढिगाबरोबर माझीही नोंद झाली आहे. वस्तूंची काळजी घ्या वगैरे मी सांगणार नाही. तुम्ही घेणार नाही आणि मला सांगवणार नाही. मात्र कार्यालयास एक अर्ज आहे.

सबब, माननीय साहेबांस विनंती करण्यात येते की सदर ढिगातून निघणाऱ्या तांब्याची नोंद "निष्काळजीपणामुळे वाया गेलेले" अशी न करता "शाळा सुटण्याच्या वेळेमुळे उशिरा मिळालेले" अशी करावी, आणि या अर्जावरील निर्णय दळणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे आधीच उलटून गेलेल्या सोमवारपर्यंत, अर्जदार गोळ्यास लेखी कळवावा.