चार मिनिटांचा आळ

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. कुठून बोलतेय ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्हाला माझी कीव येईल, आणि मला कीव नको, न्याय हवाय. आवाज जरा दबलेला आला तर सांभाळून घ्या.

माझ्या पोटात दीडशे मीटर फीत आहे. ताणून धरली तर या घराला तीन वेढे बसतील. चार म्हणालात तरी मी हरकत घेणार नाही. त्या फितीवर एक जुना कृष्णधवल थरारपट आहे. हॅट घातलेला एक साधा कारकून, त्याच्यावर न केलेल्या खुनाचा आळ, आणि खरं काय ते ठाऊक असूनही जिन्यावर उभी राहून गप्प बसणारी एक बाई. तिच्यामागे भिंतीवर कठड्याच्या अशा काही सावल्या पडतात की बघणाऱ्याने चहाचा कप हातातच विसरावा. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, पण ती एक दिवस माझ्यावरच बेतेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. पाचशे यंत्रं एका खोलीत ओळीने मांडलेली, आणि आम्ही पाचशे बहिणी एकाच वेळी एकच गोष्ट पोटात भरून घेत होतो. त्यातली पहिली मीच, असं मी सगळ्यांना सांगते. बाकीच्या चारशे नव्व्याण्णवही तेच सांगत असतील.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यावरून झाला. थिएटरातलं यंत्र सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतं. आमच्याकडच्या टीव्हीला लागतात पंचवीस. कारखान्यातल्यांनी सरळ चित्रपट जरासा भरभर पळवला. एकशेचार मिनिटांची गोष्ट शंभर मिनिटांत बसली. एकही चित्र गाळलं नाही, एकही शब्द खाल्ला नाही. बोलायची घाई असलेल्या बाईसारखी मी तेवढं भराभर सांगते, इतकंच. पण खोक्यावर छापणाऱ्या शहाण्याने थिएटरातलीच वेळ छापली: एकशेचार मिनिटं. त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला विचारतो कोण?

माझा पहिला मालक व्हिडिओ लायब्ररीवाला. माणूस बोलका, बोटं मात्र सोनाराची. त्याच्याकडे असताना मी माणसांची जात ओळखली. निम्मे लोक मला परत करताना मागे गुंडाळत नसत. शेवट बघून झाला की मी त्यांना मेले. एकाने माझ्या खोक्यात दुसरीच कॅसेट घालून दिली आणि वर मलाच हरवल्याचा ठपका. हे लायब्ररीवाला कधी बोलून दाखवायचा नाही. प्रत्येक कॅसेट परत आली की तो तिचं झाकण उघडून फितीवर हलकी फुंकर मारायचा.

एकदा कुणाच्या तरी व्हीसीआरने माझी फीत चावली. चुरगळून गेली बिचारी. लायब्ररीवाल्याने माझे पाच स्क्रू काढले, दोन बोटं रुंदीचा खराब तुकडा कापला आणि बारीक चिकटपट्टीने टोकं जुळवली. किती गेलं? डोळ्याची उघडझाप. कारकून दारातून आत येताना एकदम आत आलेला दिसतो, बस. पण स्क्रू लावताना तो चक्क मला म्हणाला, “माफ कर गं बाई.” माझ्याशी माफीचे शब्द बोललेला तो एकमेव माणूस. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरी नवा व्हीसीआर आला तेव्हा त्याने मला तिच्या नवऱ्याला भेट दिलं. हा नवरा घड्याळजी. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची पुढे पळणारी नि मागे पडणारी घड्याळं ताळ्यावर आणायची, हा धंदा. आणि नाद एकच, जुने चित्रपट. बहीण घरी गाणं शिकवायची. तिची पेटी आतल्या खोलीत आणि माझा व्हीसीआर बाहेरच्या, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. दर रविवारी दुपारी पडदे ओढायचे आणि मला लावायचं. मेहुणा, म्हणजे माझा लायब्ररीवाला, यायचा. दोघं पुरुष संवाद आधीच म्हणून टाकायचे आणि बहीण दोघांना गप्प करायची. जिन्याच्या प्रसंगातली व्हायोलिनची धून तर ती पेटीवरही वाजवायची.

एका रविवारी घड्याळजीने सहज गंमत म्हणून स्टॉपवॉच लावलं. शंभर मिनिटं. खोकं बघितलं. एकशेचार. पुन्हा लावलं, पुन्हा शंभर. तो मेहुण्याला म्हणाला, तू हिला कधी उघडलं होतंस का? मेहुण्याने खरं ते सांगितलं. दोन बोटं फीत कापली होती, म्हणाला. घड्याळजी हसला, पण भिंग लावताना हसतो तसं. त्या दिवसापासून तो मला बघायचा नाही, मोजायचा.

मग त्यांच्या मुलीने परदेशातून त्याच चित्रपटाची डीव्हीडी आणली. चकचकीत, बिस्किटाएवढी पातळ, आणि मिजास बघाल तर महाराणीची. तिच्याकडे रात्रीचे प्रसंग इतके उजळून काढलेत की खुनी संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखा दिसतो. माझा अंधार खरा अंधार आहे. थोडा जास्तच आहे, मान्य. पण त्या बयेची वेळ भरली एकशेचार मिनिटं. त्यांच्याकडे चित्रपट पळवत नाहीत, त्याला मी काय करू?

घड्याळजीला हर्ष झाला. त्याने दोन टीव्ही शेजारी मांडले, कानाला हेडफोन लावले आणि एकेक प्रसंग स्टॉपवॉचवर मोजला. जिन्याचा प्रसंग तिच्याकडे बावन्न सेकंद, माझ्याकडे पन्नास. दाराचा प्रसंग, गाडीचा प्रसंग, सगळीकडे थोडं थोडं कमी. आता सरळ माणूस काय म्हणेल? सगळंच सारख्या प्रमाणात कमी आहे, तर काहीतरी वेगळी भानगड असेल. हा म्हणाला, बघा, किती हुशारीने कापलंय, प्रत्येक ठिकाणाहून चिमूट चिमूट, कळू नये म्हणून. एवढं कापायला मेहुण्याला हजार चिकटपट्ट्या लागल्या असत्या आणि मी गोधडीसारखी दिसले असते. पण मला उघडून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याचा स्टॉपवॉचवर विश्वास.

तो फिल्म क्लबच्या चार पानी पत्रकात चित्रपटांच्या प्रतींची तुलना लिहायचा. लिहिलं त्याने सगळं. कॅसेट लायब्ररीत कापलेली आहे, हेही लिहिलं. महिन्याच्या बैठकीत सचिवांनी लेख मोठ्याने वाचला आणि पहिल्या रांगेत मेहुणा बसलेला. लोक त्याच्याकडे वळून बघायला लागले. तो उठला आणि एवढंच म्हणाला, “भाऊजी, मी कापली असती तर तुम्हालाच आधी सांगितलं असतं.” आणि गेला. त्यानंतर त्याने बहिणीच्या घरात पाऊल टाकलं नाही. लायब्ररीही हळूहळू रिकामी होत गेली. कापलेल्या कॅसेटींची लायब्ररी, असं म्हणायला लोकांना आयतं निमित्त मिळालं.

माझ्या पाठीवर घड्याळजीने चिठ्ठी चिकटवली, कोरीव अक्षरात: “अपुरी. चार मिनिटे कापलेली.” मला कपाटात मागच्या रांगेत ठेवलं. मोठा पुरावा ना मी. अकरा वर्षं खोट्याची साक्षीदार म्हणून उभी होते, जिन्यावरच्या त्या बाईसारखी. फरक एवढाच की ती बोलू शकत होती.

बहिणीने भांडण केलं नाही. फक्त तो चित्रपट लागला की ती खोलीतून उठून जायची, आणि जिन्याची धून तिने पुन्हा वाजवली नाही.

अकराव्या वर्षी आली तिसरी. नव्याने साफसूफ केलेली, म्हणे एकेक चित्र धुऊन पुसून. ब्लू-रे. इतकी लख्ख की जिन्यावरच्या बाईचा केसांचा टोप कुठे संपतो तेही दिसतं. अशी सफाई काय कामाची? पण क्लबने घड्याळजीला पुन्हा तुलना लिहायला सांगितलं, आणि म्हणून माझीही सुटका झाली. एवढ्या वर्षांत तो कानाने अधू झाला होता. हेडफोन त्याला पुरेना, म्हणून आवाज मोठा ठेवला.

आधी तिसरी लागली. जिना आला, व्हायोलिन सुरू झालं. बहीण आतल्या खोलीत पेटी पुसत होती. तिचा हात थांबला. मग मी लागले. तीच धून. ती पेटी उचलूनच बाहेर आली.

“अहो, मघाचं पुन्हा लावा.”

त्याने लावलं. तिने पेटीवर सूर धरला. मग मला लावायला सांगितलं. पुन्हा धरला, शेजारच्या पट्टीवर.

“हिचा सूर वर आहे. जवळजवळ एका पट्टीने,” ती म्हणाली. “नुसतं कापलं असतं तर सूर कशाला चढेल?”

तो म्हणाला, जुनी कॅसेट आहे, आवाज बारीक होतो. ती खाली बसली. आवाज न चढवता बोलली, पण अकरा वर्षांचं बोलली.

“सूर चढलाय म्हणजे चाल चढलीये. ही कापलेली नाही, ही पुढे पळतेय. गिऱ्हाईक पुढे पळणारं घड्याळ घेऊन आलं की तुम्ही काय म्हणता त्याला? तुमचा दिवस कुणीतरी कापला, असं म्हणता?”

घड्याळजीने कागद ओढला. त्याने पेन्सिल घेतली. एकशेचार भागिले शंभर. बावन्न भागिले पन्नास. दाराचा प्रसंग. गाडीचा प्रसंग. सगळीकडे तोच आकडा. मग त्याने स्टॉपवॉच थांबवलं. माझ्या आतली चाकं आनंदाने फिरायला लागली. झालं, म्हटलं, सुटले मी.

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुण्याला फोन केला. “चूक स्टॉपवॉचची नव्हती, माझी होती,” असं म्हणाला. मग मेहुणा म्हणाला, “अकरा वर्षं मागे पडलात, भाऊजी.” आणि दोघंही फोनवर खोकल्यासारखं काहीतरी करत राहिले. बहीण पेटीशी बसली होती. तिने धून वाजवली. वरच्या पट्टीत, माझ्या पट्टीत. तेवढं मी जन्मभर विसरणार नाही.

क्लबच्या पत्रकात खुलासाही आला. मेहुण्याची मागितलेली जाहीर माफी, मोठ्या अक्षरात. खाली तीन प्रतींची तुलना. ब्लू-रे सर्वोत्तम. डीव्हीडी बरी, पण फार उजळ. आणि माझ्याबद्दल: “चित्र अंधुक, आवाज चढा. जपून ठेवण्याजोगी नाही.”

मी मनाला समजावलं, घड्याळजी पहिल्यापासून तसलाच. माझा माणूस येतोय ना रविवारी.

तो आला. केस पांढरे झालेले, बोटं तीच. नवा टीव्ही मोठा, टेबल जुनं, आणि एक पाय आखूड असल्याने डुगडुगणारं. घड्याळजी त्या पायाखाली घालायला घडी घातलेला कागद शोधत होता. मेहुण्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. मी श्वास रोखला. आता झाकण उघडेल, फुंकर मारेल.

“ही आहे की,” तो म्हणाला. “बरोबर मापाची आहे.” आणि वाकून मला पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं. “अजून कामाची आहे बरं का,” म्हणाला, आणि तिघंही हसले. बहीणसुद्धा.

आता कळलं मी कुठून बोलतेय ते?

खोटं सांगणार नाही, तिघं पुन्हा एकत्र बसलेत याचा मला आनंद आहे. माझ्यामुळे तुटलं होतं, आता माझ्यावर उभं आहे. पण पाठीवरची चिठ्ठी कुणी काढली नाही. ती बाहेरच्या बाजूला आहे, येणारा-जाणारा वाचतो. अपुरी. चार मिनिटे कापलेली. त्या कारकुनालासुद्धा शेवटी कोर्टातून बाहेर जाताना हॅट परत मिळते हो.

तुमच्या घरी कुणाच्या पाठीवर अशी एखादी जुनी चिठ्ठी राहिली असेल, तर खाली वाका आणि नखाने काढून टाका. पुन्हा लावून बघा असं मी म्हणत नाही. एवढी हाव मला नाही.

वर टीव्हीवर त्यांची जिन्यावरची बाई आता कुठे बोलायला तोंड उघडतेय. त्यांची अजून चार मिनिटं बाकी आहेत. माझं सांगून झालंय.